निघत नाही

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी भरतीच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो.
सर्व टेबलं पंखे आहेत.
काही पंखे नारळ आहेत.
तर काही टेबलं नारळ आहेत काय?
खाली यंत्र घरघरतं, फळा थरथरतो,
आणि दुसऱ्या बाकावरची हर्षला खवळे
वहीतून मान न उचलता म्हणते,
"निघत नाय, सर."

देवगडात हा शब्द दोन ठिकाणी राबतो.
होडी निघते, निष्कर्ष निघतो.

कार्तिकात तीन नंबरचा बावटा लागला त्या रात्री
आनंदवाडीच्या धक्क्यावर माणूस मावत नव्हतं.
सोसायटीच्या कारकुनाने कंदिलाखाली वही वाचली:
बावट्याआधी सुटलेली होडी न होडी परत आली.
बावट्यानंतर एकही बाहेर गेली नाही,
खाडीच्या तोंडाशी पोलिसांची बोट आडवी होती.
'सागरलक्ष्मी'चा पत्ता नाही.

सदानंद खवळे पहाटे तीनला
डबा घेऊन घरातून गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक.
बायकांनी त्याच्या बायकोला आधीच धरून बसवलं.
कुणी म्हणालं, हट्टीच माणूस, गेला असणार चोरून.
कुणी नारळ आणायला पोर पिटाळलं.
आणि वीस वर्षं हेच शिकवणारा मी,
मीही काळोखात समुद्राकडेच बघत होतो.

"आधी सुटली आसती तर इली आसती,"
हर्षला म्हणाली. वर्गात म्हणते तशीच, सपाट.
"इली नाय. म्हणजे आधी सुटूक नाय.
मागसून कोण भायर गेलोच नाय.
म्हणजे मागसूनय नाय."
"मगे?"
"मगे ती सुटूकच नाय."
"अगो, मग होडी खंय आसा?"

इथे ती थांबली.
उत्तर अडलं म्हणून नव्हे.
फळ्यावर पुढची ओळ आपोआप दिसते
आणि खडू उचलवत नाही,
तसं काहीसं.

गेले तीन आठवडे बापूस मासळी आणत होता
गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत.
मालकाच्या घरी मासळी येते टोपलीतून.
पिशवीतून येतो खलाशाचा वाटा.
हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.
तिलाही कळत होतं,
पिशवी तिनेच रोज सोडली, बांगडे तिनेच धुतले.
पण 'आमची होडी' या दोन शब्दांतला पहिला
तपासायचा असतो, हे कुणाला सुचतं?

होडी पलीकडे तारामुंबरीच्या अंगाला लागायची,
म्हणून कधी विकली ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.
आता तो ज्या होडीवर जात होता
तिथले खलाशी नेपाळी;
ते त्याला 'दाजू' म्हणतात, आडनाव विचारत नाहीत.

सुटलेली प्रत्येक होडी परत आली.
तो त्यांतल्याच एकीवर होता.
म्हणून

पुढचं तिने गावाला सांगितलं नाही.
आईच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली,
"बाबा जमनीर आसत. रडा नको."
आणि माझ्या हातातला टॉर्च घेऊन चालू लागली.

तो सापडला माझ्याच वर्गाच्या खाली,
बर्फाच्या रिकाम्या पेट्यांमागे, गुडघे जवळ घेऊन.
पायाशी पिशवी. गाठ घट्ट.
धक्क्यावरचा सगळा गलका त्याला ऐकू येत होता.
जिवंत आहे म्हणून सांगायला गेलं
की बाकीचंही सांगावं लागतं.

मी जिन्याशी थांबलो.
वाटलं, आता ती विचारील:
किती कर्ज, कुणाला विकली, माझी फी कुठून भरली.
एकेक विधान तिच्या हाताशी होतं.

तिने पिशवी उचलली. वजन बघितलं.
"चला. जेवाण थंड झाला."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला.
सर्व टेबलं पंखे आहेत, मी लिहिलं,
आणि ते खरं आहे का,
असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.
दुसऱ्या बाकावरून नव्हे.
तिथे हर्षला गप्प बसून
नखांतला खवला काढत होती.