गाळणं

अक्काताई चौगुल्यांच्या आडावर
अजून पोहरा आहे.
नळ आला, तरी प्यायला त्या आडाचंच भरतात.
घागरीच्या तोंडावर जुन्या धोतराचं दुहेरी फडकं,
आणि घागर भरली की ते फडकं उलटं करून
त्यात अडकलेलं, डोळ्यांना न दिसणारं काहीबाही
पोहऱ्यातनं पार पाण्यापर्यंत
परत पोचवून येतात.
"ज्याचं घर तिथं त्याला सोडावं.
वरनं टाकायचं न्हाई, मार लागतो त्यास्नी."

मी हे लग्न होऊन आल्यापासून बघते.
आमचं घर मधल्या भिंतीपलीकडं.

आमच्यात पैंजणाचं काम.
हुपरीहून मजुरीवर माल यायचा,
मी घुंगरं जोडायची, सासरे डाग द्यायचे,
हे तेजाबात बुडवून उजळून काढायचे.
काळवंडलेली चांदी अशी पांढरी निघायची
की शाळेला निघालेल्या पोरी दारात थांबायच्या.
उरायचं ते पाणी. निळं, हिरवट.
गटारीत ओतलं तर गल्ली भांडायला येते,
परड्यात ओतलं तर शेवगा मरतो
(एक मेला होता).

परड्यात एक फेल गेलेली बोअर होती.
दोनशे ऐंशी फुटांवर नुसता फुफाटा उडाला,
गाडी निघून गेली, केसिंग तसंच राहिलं,
वर फरशीचा तुकडा.
रोज दिवेलागणीला तो सरकवायचा, बादली उपडी करायची.
कान लावला तर
बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही.
आम्ही म्हणायचो, गेलं.

गेल्या साली पंचायतीनं पाच बायका निवडल्या,
कोल्हापूरला दोन दिवस शिकायला धाडलं,
पेटी दिली, नळ्या, थेंबाच्या बाटल्या, रंगांचा तक्ता.
शिकवणाऱ्या बाईंनी काळ्या दगडाचा तुकडा फिरवला.
म्हणाल्या, हा अखंड वाटतो, पण याच्या अंगभर भेगा.
पाणी त्यातनं चालतं,
सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते न वाचता.
माझ्या हातात दगड आला
तेव्हा मी तो लगेच पुढच्या बाईकडं दिला.

सोळा ठिकाणी थेंब हिरवा आला.
सतराव्या ठिकाणी अक्काताईंनी पोहरा सोडला.

बाटली कोल्हापूरला गेली, कागद परत आला.
तांबं. नायट्रेट. आकडे.
आडात असतं तेच पोहऱ्यात येतं,
हे लहानपणी पाटीवर गिरवलेलं.
आडात कुठनं येतं,
ते कुणी गिरवायला दिलं नव्हतं.

मी सांगितलं. सगळं. फरशीचा तुकडासुद्धा.
वाटलं, शिव्या घालतील,
तवनाप्पा भाऊजींना हाक मारतील, गल्ली गोळा होईल.
त्या फडक्याची घडी घालत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"माझं ऱ्हाऊ दे. पिकलं पान.
मी रोज ज्यास्नी खाली सोडत हुते,
त्यांचं काय झालं असंल गं?"

बोअर बुजवली.
हे म्हणाले, राडारोडा टाकू, दोन तासांचं काम.
मी म्हटलं, नाही.
तळाला खडी, मग शाडू, मग तोंडापर्यंत सिमेंट,
आठ दिवसांची मजुरी त्यात गेली.
तेजाबाचं पाणी आता निळ्या पिंपात साठतं,
महिन्याला गाडी येते, कधी येत नाही,
तेव्हा पिंप आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी असतं,
माझ्या नजरेसमोर.
पण वीस वर्षांच्या बादल्या
खाली कुठंतरी अजून चालतायत,
एकेका भेगेतनं, सावकाश.
त्यांना परत बोलवायला कुठलाच पोहरा पुरत नाही.

दर महिन्याला मी आडाचं पाणी काढते, थेंब टाकते.
अक्काताई शेजारी उभ्या. फडकं दोरीवर कोरडं.
या वेळी पिवळ्यात जरा हिरवट झाक होती.
होती असं वाटलं.
मी तक्ता उजेडाकडं वळवला,
तर त्यांनी माझा हात धरला.
"सावलीत बघ.
मला बरं वाटावं म्हणून वाचू नगंस."