पान एकशे बारा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी सव्वीस वर्षं रोज चढते, पगारासाठी,
लेक चार्ल्सच्या या कोर्टात,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि बादली शिपायाशिवाय कुणी उचलत नाही.

मी बोललेलं टाइप करते. फक्त बोललेलं.
मान हलवलेली लिहिता येत नाही,
म्हणून जज सांगतात, तोंडानं बोला.
रडणं लिहिता येतं. कंसात. एका शब्दात.

आज आरोपीच्या खुर्चीत केव्हॉन्टे बॅटिस्ट,
वय एकवीस, सूट उसना, खांद्यांवर सैल.
माझी भाची त्याला 'बायू नाइन' म्हणते.
त्याचं गाणं पाच आठवडे
सगळ्या देशात वरून तिसरं आहे
आणि त्याला मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडायची परवानगी नाही.
घोट्यावर पट्टा. दिवसातून दोन तास
तो भिंतीतल्या प्लगला बांधून बसतो म्हणे,
फोनसारखा.

साक्ष चालू असताना पट्टा वाजला.
जज आर्सनो म्हणाले, हे काय?
टिबोडोबाई म्हणाल्या, माझा अशील, युअर ऑनर.
मी तसंच लिहिलं.

तिसऱ्या बाकावर आई. लॉरेटा.
बर्फातली कोळंबी सोलून सोलून
बोटांची टोकं पांढरी पडलेली.
पोरानं गाण्याच्या पहिल्या पैशात घर घेऊन दिलं,
निळ्या दाराचं.
तेच आता जामिनापोटी गहाण.
बाईनं किल्ली मुठीत धरली होती,
दिवसभर.

गाडीत चौघं होते. पिस्तूल एक, सीटखाली.
कुणाचं, ते चौघांपैकी कुणी सांगत नाही.
मग सरकारी वकील हॅलोरन उठले,
चष्मा लावला, आणि गाणं वाचलं,
वाण्याकडची यादी वाचावी तसं:

नदी माझी आई, पूल माझा बाप,
खिशात लोखंड

आणि थांबले. कागद मिटला.
लोखंड म्हणजे काय, डिटेक्टिव्ह?
बंदूक, सर.
या मुलांच्या बोलण्यात नेहमी?
नेहमी, सर.

मला पुढचं येतं.
भाची रोज सकाळी वेणी घालताना म्हणते,
आरशाकडे बघत, रबरबँड दातात धरून:
खिशात लोखंड, झोपेत थरकाप.
ओळ तिथे संपते. लोखंडावर नाही.

माझी बोटं त्या उरलेल्या अर्ध्या ओळीपाशी गेली
आणि उंबऱ्याशी थबकावं तशी थबकली.
कुणीच म्हणालं नाही.
टिबोडोबाई फाइलीत कसलीशी पावती शोधत होत्या.
त्यानं मात्र म्हटलं. मी पाहिलं.
ओठ हलले, आवाज नाही.
ओठ लिहिता येत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर
मला पानामागे पैसे मिळतात.
त्याची गाणी वाचून दाखवली, पानं वाढली,
म्हणजे त्याच्या ठेक्यावर मीही थोडं कमावलं.
गाडीचा हप्ता गेला या महिन्यात.
ठेका लिहायची सोय माझ्या यंत्रात नाही,
तेवढं एक बरं.

पुढली तारीख चौदा.
बाहेर पोरापोरींनी फोन उंच धरले होते;
त्यानं हात केला नाही,
आईला पायऱ्यांवरून खाली उतरवलं फक्त,
पट्ट्याचा पाय आधी टाकत.

रात्री पानं तपासते.
पान एकशे बारा, ओळ सातवी:
लोखंड, आणि पुढे एक आडवी रेघ.
नियमाप्रमाणे तिचा अर्थ एवढाच
की बोलणारा थांबला.

आतल्या खोलीतून भाची ओरडली,
आत्या, दुसरा नंबर!

मी रेघ
जराशी लांब केली.