आवाज खाली

वूच शहरात, ट्रामच्या वळणावरच्या स्टुडिओत
बोग्ना खटका खाली सरकवते.
पडद्यावरच्या बाईचा आवाज आता
भिंतीपलीकडच्या भांडणाइतका.
वरून विटोल्ड वाचतो, कोरडा, एकसुरी:
मी गरोदर आहे.
नाही म्हटलं ना.
सगळ्यांचं तोच बोलतो,
नवरा, सासू, न्यायाधीश,
पाण्यात बुडणारी पोरगीसुद्धा.

पोलंडच्या टीव्हीवर असंच चालत आलंय.
सवय झाली की जाणवत नाही, म्हणतात.
आणि विटोल्ड काही वाईट माणूस नाही,
घशाच्या गोळ्या तिच्यापुढेही धरतो.

घरी लेक विचारते,
आई, या बायकांना आपापला गळा नसतो?
बोग्ना बटाटे सोलत राहते.

काल सातव्या भागात
ती बाई दारात उभी राहून काहीतरी बोलली,
परक्या भाषेत. बोग्नाला शब्द कळला नाही.
विटोल्डनं वाचलं: पुरे.
बोट खटक्यावरच होतं.
सरकलं नाही.
त्याचं पुरे संपलं, तरी तिचं चालूच,
चिरकं, लांब,
सव्वा सेकंद जास्त.

काचेमागून विटोल्डनं भुवया उचलल्या:
पुन्हा घ्यायचं?

नको, बोग्ना म्हणाली.
पान उलट.