रागिणी

पोस्टरवर नाव होतं राग्नहिल्ड होल्म.
मडगावच्या जिभेला ते वळेना.
पहिल्याच खेळाला माझे वडील पडद्याशेजारी उभे राहिले,
वेताची छडी तिच्या कपाळाला टेकवली
आणि जाहीर केलं : ही रागिणी.

दुलबा केंकरे. दिवसा भाटकाराचे नारळ मोजणार,
रात्री पत्र्याच्या थिएटरात मुक्या चित्रांचं तोंड होणार.
पाट्या डॅनिश. वाचणार कोण?
मुरगावला बोटीतून डबे उतरले,
गोष्ट उतरलीच नाही.
ती त्यांनी इथेच घडवली.

पडद्यावर बर्फ पडायचा.
बाबा म्हणायचे, आगरातलं मीठ आहे, बघा,
भाटकारानं हाकललंय तिला,
अनवाणी निघालीय बाय, भावाच्या शोधात.
आणि जमिनीवर बसलेल्या, खरोखरच आगरात राबणाऱ्या बायका
आपापले पाय लुगड्याखाली ओढून घ्यायच्या.
तेवढ्यात कायतान व्हायोलिनवर
इगर्जीत शिकलेलं काहीतरी लावायचा,
बहुतेक मयताचं.

शेवटचं रीळ नव्हतंच.
बोटीवर भिजलं, की कस्टमवाल्यानं ठेवून घेतलं, देव जाणे.
दिवा विझला की बाबा अंधारात शेवट सांगायचे,
रोज निराळा.
सोमवारी भाऊ मोझांबिकहून परतायचा, पेटीत तिच्यासाठी चपला.
जांबावलीच्या गुलालाच्या आठवड्यात
दामबाब स्वतः तिला न्यायला होडी पाठवायचा.
पुरुमेंताच्या फेस्ताला ती मठात जायची, घंटा वाजायची
(घंटा म्हणजे कायतानच, पितळी तांब्यावर).
मरू मात्र एकदाही दिलं नाही तिला.
लोक पैसे मोजून येतात, म्हणायचे.

मग पडदाच बोलायला लागला.
तिकडे, म्हणे, तिचा आवाज घोगरा निघाला.
चार वाक्यं घेऊन पाहिली,
पाचवं कुणी दिलं नाही.
दुकानात हातमोजे मोजत बसली, म्हणे,
आणि इकडे बाबा पुन्हा नारळ.
छडीला घरात फक्त मांजर ओळखत होतं.
त्याच साली मी झाले.
नाव शोधायला लागलं नाही.

परवा पणजीत तो सिनेमा दाखवला.
डागडुजी केलेला, शेवटच्या रिळासकट,
कुठल्याशा तळघरात सापडलं म्हणे.
गार हॉल, खाली इंग्रजी ओळी, कोपऱ्यात पियानो.
भाऊ नव्हताच. भाटकारही नव्हता.
एक नवरा होता, दुसरी बाई होती, पिस्तूल होतं.
बर्फ बर्फच होता.
शेवटी ती त्यात आडवी होते, कॅमेरा हलत नाही,
खालच्या ओठावर हिमाचा एक कण पडतो
आणि विरघळत नाही.

"मेली नाही हो ती," मी म्हणाले,
जरा मोठ्यानेच.
पुढची मुलगी वळली, तोंडावर बोट.
तेव्हा दिसलं, चालायची काठी
माझ्या हातात उंच उठली होती,
नेम तिच्या कपाळाचा.

परतताना टॅक्सीवाल्याला सोमवारचा शेवट सांगितला.
त्यानं रेडिओ बारीक केला.
जुवारीचा पूल संपेपर्यंत काही बोलला नाही,
मग विचारलं,
चपला मापाच्या निघाल्या का?