पावती क्रमांक अकरा

माननीय समन्वयक,
विद्यार्थी साक्षरता उपक्रम, लघुनिधी विभाग,
आपलं पत्र पोचलं.
सहा हजारांपैकी एकशे चाळीस रुपयांचा
खुलासा मागितला आहे.
खुलासा जरा मागून सुरू होतो.

अर्ज आम्ही राजापुरात लिहिला, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये:
मी, नम्रता पांचाळ आणि इस्माईल.
तिघांत बंदरावरचा फक्त इस्माईल,
आणि तो म्हणालाही होता,
खाऱ्या हवेत फळा सुकत नाही.
पण अर्जात ‘फळा’ छापलेलाच होता,
आम्ही पुढे टिकमार्क केली.

खडू वाया गेले. दोन खोके.
पाट्या वीस, पैकी तीन बोटीवर गेल्या,
तांडेलाला मासळी कापायला बऱ्या पडल्या.
मग निळे मार्कर घेतले
आणि मासळीच्या थर्माकोल खोक्यांची झाकणं,
ज्यांचे पैसे पडले नाहीत
म्हणून ती हिशेबात दिसत नाहीत.

वर्गाची वेळ: होड्या लागल्यापासून
साडेपाचच्या एसटीपर्यंत.
कधी पन्नास मिनिटं, कधी बारा.
वारा असला तर नाही.
जागा: बर्फाच्या कारखान्याची पडवी,
तिथे दिवा आहे.

लाभार्थी सतरा.
आपल्या रकान्यात ‘निरक्षर’ असा शब्द आहे,
तो मी हव्वाबी सोलकरना वाचून दाखवला नाही.
लिलावात उभ्या राहून त्या
चार टोपल्यांचा भाव, बर्फ, हमाली, टेम्पोभाडं
बोटांच्या पेरांवर धरतात.
मी मोबाइल काढेपर्यंत
मासळी विकलेली असते.

पुस्तकात ‘ह हरणाचा’ होता.
त्या म्हणाल्या, हरण काय भावानं जातं गो?
मग त्यांचा ह आम्ही त्यांच्याच नावातून काढला.
सुरी ओढावी तसा त्यांनी मार्कर ओढला,
एका झाकणावर सात ह, पाच उलटे,
आणि एसटीच्या घाईत ते झाकण खोक्यावर बसून
रत्नागिरीला गेलं.
सकाळी व्यापाऱ्याचा फोन:
ही ‘हहह’ कुणाची मासळी?
हव्वाबी म्हणाल्या, सांग त्याला. माझी.

आठजणी गळल्या. कारणं रकान्यात मावत नाहीत.
एकीचा नवरा आखाताहून परत आला.
एकीला बोटीचा आकडा दिसतो, पुस्तकातला नाही,
तिला चष्मा हवा होता,
आणि चष्मा ‘शैक्षणिक साहित्य’ नव्हे,
असं आपणच फोनवर म्हणाला होतात.

आता ते एकशे चाळीस.
चहा. अठ्ठावीस कप, पाच रुपये दराने.
टपरी रशीदा मिरकरची, पडवीसमोर.
बिलबुक नाही, शिक्का नाही, नंबर नाही.
स्टोव्ह बारीक करून ती वर्गात येते,
उतू जायला लागलं की उठून जाते,
त्यामुळे तिला क ते ढ येतं, मधला ट येत नाही.

पावती पाहिजे म्हटल्यावर ती गप्प बसली.
बिस्किटांच्या पुठ्ठ्याची मागची बाजू फाडली,
ओला हात पदराला दोनदा पुसला
आणि एसटी गेली तरी लिहीत होती:
चाय २८. रु. १४०. मीळाले. रशीदा.
खाली अंगठाही लावला.
म्हणाली, लिहिलेलं पुसलं
तर हा राहील.

आपला शेरा वाचला:
‘पावती क्र. ११ कच्ची आहे, ग्राह्य धरता येत नाही.
रक्कम परत करावी.’
बरोबर आहे. नियम आम्ही सही करून घेतले होते.
रुपये एकशे चाळीस सोबत पाठवत आहोत,
पन्नास माझे, पन्नास नम्रताचे,
इस्माईलचे चाळीस, त्याच्याकडे तेवढेच होते.

फक्त एक विनंती.
पावती क्रमांक अकरा आपल्या दफ्तरी
आता काही कामाची नाही.
ती आम्हाला परत पाठवावी.
टपरीवर, बरणीच्या मागे,
तिच्यासाठी खिळा ठोकून ठेवला आहे.

मूळ प्रत पाठवावी.
झेरॉक्स चालणार नाही.

आपली विश्वासू,
मृणाली गुरव
द्वितीय वर्ष, कला शाखा