अडॉप्टर प्लेट

मालन सिस्टरांची मारुती, केए बावीस, चौऱ्याण्णवचं मॉडेल,
उद्यमबागेत आमच्या शेडात आली तेव्हा
मागच्या सीटवर डेटॉलचा वास होता
आणि तान्ह्या बाळाचा एक लोकरी मोजा. एकच.

"इंजिन काढून टाका," म्हणाल्या.
"खरं गाडी हीच राहू दे."

बाहेरचा माणूस हे ऐकतो, विचारतो, खरं काय?
काही नाही हो.
आमच्याकडं खरं म्हणजे पण.

चेनब्लॉक लावून मी आणि मडिवाळप्पानं इंजिन वर घेतलं.
तीन सिलिंडरचं, एवढंसं.
हवेत लोंबताना तेलाचा थेंब पडला,
मग बराच वेळ काही नाही,
मग परत थेंब.
बोनेटात झालेल्या पोकळीत मी डोकं घातलं:
यळ्ळूरची काळी माती, तिच्यावर जांबोटीची तांबडी,
परत काळी. तीस वर्षांच्या फेऱ्या
थरावर थर, कुणी नोंद न करता.

मोटर नवी, गिअरबॉक्स जुना.
हिला भोकं चार, त्याला सहा.
वर्तुळं वेगवेगळी, केंद्र मात्र एकच पाहिजे.
माझं काम तेवढंच.
बारा मिलीची अॅल्युमिनियमची प्लेट लेथला धरली,
डायल गेज टेकवला. काटा थरथरला.
पाच शतांश. तीन. परत पाच.
मडिवाळप्पा म्हणाला, साकु.
मी म्हटलं, साकु नाही.
दिवसभर आमचं असंच चालतं,
तो कानडीतनं, मी मराठीतनं,
शिव्या समाईक.
काटा एकावर ठरला तेव्हा सहा वाजून गेले होते
आणि चहावर साय धरली होती.

पेट्रोलची टाकी होती तिथं आणि डिकीत
चोवीस सेल, विटेएवढे एकेक.
जोडणी तो करत होता. मला म्हणाला,
हात खिशात ठेव आणि बघ.
मी बघितलं.

रविवारी चावी फिरवली.
काहीच झालं नाही.
म्हणजे झालं होतं, ऐकू आलं नाही इतकंच.
पाय दाबला तशी गाडी शेडाबाहेर निघाली
आणि दारात झोपलेलं कुत्रं उठलंसुद्धा नाही,
त्याच्या शेपटीपासून वीतभर चाक गेलं.

आरटीओतल्या कारकुनानं पेट्रोलवर काट मारली,
वर हातानं काहीतरी लिहिलं, कानडीत.
पायऱ्या उतरताना मी एकेक अक्षर लावलं:
वि. द्यु. त्.
थांबलो. परत लावलं.
हा तर घरचाच शब्द, दुसऱ्या कपड्यात.

आठ दिवसांनी सिस्टर परत आल्या.
"गाडी झ्याक हाय. घाटात दम लागत नाही.
इंजेक्शनला पळणारी पोरं आता घरातच सापडतात.
खरं…"
टेबलावरचा नट उचलून फिरवत राहिल्या.
"आधी वळणावर गिअर बदलला की
आत कोणतरी पाणी तापत ठेवायचं.
बाळंतीण म्हणायची, आल्या बाई.
आता मी दारात जाऊन उभी,
आणि सगळी दचकतात,
वसुलीला आल्यासारखी."

मडिवाळप्पा म्हणाला, हॉर्न मोठा बसवू.
त्या म्हणाल्या, हॉर्न सगळ्यांसाठी असतो रे.

मी गप्प. कोपऱ्यात गोणपाटावर
जुनं इंजिन होतं, अजून ओलं.
त्या आवाजाला आणि त्या चुलीवरच्या पाण्याला
जोडणारी प्लेट मी कशाची करू,
माप कुठनं घेऊ?

सिस्टर निघाल्या. गेटपाशी काच खाली झाली,
हात बाहेर आला,
आणि दाराच्या पत्र्यावर तळहाताच्या तीन थापा पडल्या,
कणीक झटकावी तशा.
फाउंड्रीपुढच्या टपरीतल्या पोरानं मान वर केली.

परत तीन.
मग आवाज वळणापलीकडं गेला,
गाडीच्या आधी.