दोन मीटर तीन

पहिल्या दिवशी तो दारात वाकला,
गरज नसताना.
उंच पोरांना ही खोड लागते,
कुठेतरी आपटणारच, असं धरून चालायचं.
म्हटलं, गीतिस, हे दार सव्वादोन मीटरचं आहे,
सरळ ये.
सरळ आला, आणि स्वतःच्याच बुटात अडखळला.

सोळाचा होता. बूट पन्नास नंबरी.
चेंडू असा धरायचा,
जणू कुणी क्षणभर सांभाळायला दिलाय.
बिर्झायमध्ये मात्र सगळ्यांनी
त्याचं भविष्य वाचून ठेवलं होतं,
बेकरीतल्या ओनानेसुद्धा:
हा जाणार, अमेरिकेला जाणार.
बाप रायमोन्दास लाकडाचा ट्रक चालवायचा.
त्याने तर पोराच्या पलंगाला फळ्या जोडल्या होत्या,
दोन मीटर वीसच्या हिशेबाने.

मी पायांपासून सुरुवात केली.
चेंडू कपाटात. नोव्हेंबरभर दोरीवरच्या उड्या,
बाहेर तळं कडेकडेने गोठत असताना.
मग टेनिसचा चेंडू भिंतीवर, फक्त डाव्या हाताने.
मग हुक, बास्केटखाली, उजवीकडून, डावीकडून,
पुन्हा उजवीकडून,
आणि चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही!
'खाली आणलास की तो बुटक्यांचा,' मी ओरडायचो,
'खालचं सगळं त्यांचं, वरचं तेवढं तुझं.'
छातीशी गादी धरून मी त्याला पाठीमागून रेटायचो.
गुडघे माझे करकरायचे.
एक पाय खिळा, दुसरा पाय दार,
एवढं कळायला फेब्रुवारी उजाडला.
पण कळलं ते असं,
की खांदा डावीकडे दाखवून तो उजवीकडे वळला
आणि मी गादीसकट हवेला टेकलो.

मार्चमध्ये मनगटाचा एक्स-रे.
डॉक्टर यूर्गिताने फिल्म उजेडाला धरली.
हाडांच्या टोकाशी वाढीच्या ज्या काळ्या फटी असतात
त्या मिटल्या होत्या.
'दोन मीटर तीन,' ती म्हणाली,
'फार तर अर्धा सेंटीमीटर. तोही केसांचा.'

मी स्वतः दोन मीटर दोन.
मला कुणी सांगितलं नाही.
सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी 'होणार' होतो,
अठ्ठाविसाव्या वर्षी 'झाला असता' झालो.
मधलं 'आहे'
राहूनच गेलं.

रायमोन्दासने ट्रकचं इंजिन बंद केलं नाही.
'कुठवर जाईल?'
दुसरी लीग. नशिबात असेल तर पहिलीतला बाक.
पोलंड, कदाचित. दहा वर्षं पगार.
मोठ्या लीगमध्ये एवढ्या उंचीची पोरं
लांबून तिनाचे नेम मारतात,
वाऱ्यासारखी पळतात.
याचा नेम बरा. पळणं बरंच म्हणू या.
तो वायपरकडे बघत राहिला.
पाऊस नव्हता, वायपर चालू होते.
'पलंग तसाच राहू दे,' शेवटी म्हणाला,
कुणाला, कोण जाणे.

गीतिसला सांगायला मी तीन दिवस घेतले.
शब्द जुळवून ठेवले, पाठ केले.
त्याने ऐकून घेतलं, आणि मला
कपडे बदलायच्या खोलीत नेलं.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा:
मे, जुलै, सप्टेंबर, वर वर.
मग ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी,
सप्टेंबरवरच, एकावर एक,
एकच जाड रेघ.
'मला ठाऊक होतं,' तो म्हणाला.
'नुसता पेन्सिलला जोर देत होतो.'

मग विचारलं, 'पास कधी शिकवणार?
मला वरून सगळे दिसतात,
कोण सुटतोय, कोण नुसता दाखवतोय.
तुम्ही कधी विचारलंच नाही.'

खरं होतं. नव्हतं विचारलं.

संध्याकाळी तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला,
पाठ बास्केटकडे, चेंडू हनुवटीच्या वर.
कोपऱ्यातून पाउल्यूस निसटला,
याच्या काखेएवढा पोरगा.
मला तो दिसायच्या आत
चेंडू त्याच्या हातात होता.

उद्या सातला ये, म्हटलं.
डावा हात अजून कच्चा आहे.